दवाखान्याच्या लॅबमध्ये ओजेटी केली तर ४ क्रेडिट मिळतात का? आणि तिथे नक्की करायचं काय?

पेट्रीडिश:

नमस्कार. मी टीवाय बीएस्सी मायक्रोबायोलॉजीला आहे, सहावं सेमिस्टर. कॉलेज सोलापुरात, घर मंगळवेढ्याला. या सेमिस्टरला आम्हाला ४ क्रेडिटची ओजेटी आहे, म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंग, १२० तास. सरांनी वर्गात सांगितलं की जागा आपली आपण शोधा आणि संमतीपत्र आणून द्या. विषय संपला.

वर्गातली बरीच मुलं डेअरीच्या क्वालिटी कंट्रोलला नाहीतर साखर कारखान्याच्या लॅबला चालली आहेत. मला मेडिकल साइडला जायचंय. शहरातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात विचारलं तर त्यांनी ट्रेनिंगची फी सांगितली, ती ऐकून जिना उतरले. गावात आमचे फॅमिली डॉक्टर आहेत, एमडी मेडिसिन. त्यांच्या दवाखान्याखाली छोटी लॅब आहे. डॉक्टर म्हणाले, "ये की, त्यात विचारायचं काय." पण लॅबवाले काका म्हणाले, "इथं शिकण्यासारखं काय नाही बाळ, सगळं मशीन करतंय. नावं लिहायला बस."

आता घोळ असा आहे. पप्पांचं म्हणणं, डॉक्टर ओळखीचे आहेत, सही-शिक्का घे आणि घरी बसून सीयूईटी-पीजीचा, म्हणजे एमएस्सीच्या प्रवेशपरीक्षेचा, अभ्यास कर, परीक्षा मार्चमध्येच असते. मला तसं करायचं नाही, पण १२० तास नावं लिहून तरी काय मिळणार? एवढ्याशा दवाखान्यातलं काम क्रेडिटला धरतात का? मला रक्त काढायला शिकायचंय, ते करू देतील का? आणि शेवटी प्रोजेक्ट रिपोर्ट द्यायचा असतो, त्यात लिहायचं काय? कुणी केलं असेल तर सांगा प्लीज.

ताळेबंद:

मी बीकॉमचा, तरी उत्तर देतो, कारण माझी ओजेटी हॉस्पिटलातच झाली. योजनेच्या टेबलावर. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून ऑपरेशन करायचं तर आधी मंजुरी, त्यासाठी रेशनकार्ड, आधार, रिपोर्ट, फोटो, सगळं अपलोड. आरोग्यमित्र दादांच्या शेजारी खुर्ची टाकून बसायचो. पहिला आठवडा झेरॉक्स काढण्यात गेला. नंतर कळायला लागलं की फाइल परत येते ती बहुतेक वेळा रेशनकार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नाही म्हणून, आजारामुळे नाही. माझा रिपोर्ट त्यावरच झाला. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या मॅडम त्यावरच बोलत राहिल्या, बाकी काही विचारलंच नाही.

तेव्हा नावं लिहायला बस म्हणाले तर बस. लॅबचं मला काही कळत नाही, ते जाणकार सांगतील.

लॅबवाली ताई:

अगं, मी जाणकार. बार्शी तालुक्यात एका फिजिशियनच्या दवाखान्याला लागून माझी लॅब आहे. डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, केल्यावर काही वर्षं पुण्यात मोठ्या लॅबमध्ये होते, मग इकडे आले. हे ओजेटीचं सुरू झाल्यापासून दरवर्षी एखादी मुलगी माझ्याकडे असते.

आधी पप्पांचं. ओळखीवर सर्टिफिकेट मागायला माझ्याकडे पण येतात, पेढ्याचा बॉक्स घेऊन येतात. मी पेढा खाते, सही करत नाही. त्या कागदावर माझा शिक्का असतो आणि पोरगं तोंडी परीक्षेत सांगतं की एचबीए१सीचं, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचं, रक्त लाल झाकणाच्या ट्यूबमध्ये घेतात. (जांभळ्या. त्यात रक्त गोठू न देणारं ईडीटीए असतं.) मग परीक्षक शिक्क्यावरचं नाव वाचतात. पप्पांना सांग, १२० तास म्हणजे रोज सकाळी चार तास धरले तर महिनाभराचं काम. बारा वाजता घरी येशील, दुपार आणि रात्र अभ्यासाला आहेच.

आता तुझे लॅबवाले काका. ते खोटं बोलले नाहीत, अर्धं बोलले. सेल काउंटर पेशी मोजतो, अॅनालायझर साखर आणि क्रिएटिनिन काढतो, आपण फक्त नळी पुढे करायची. पण नळीत कुणाचं रक्त आहे, कधी काढलंय, कुठल्या ट्यूबमध्ये काढलंय आणि त्या माणसाने सकाळी काय खाल्लंय, यातलं मशीनला काही कळत नाही. मशीन समोर येईल त्याचा आकडा छापतं, दोन दशांश स्थळांपर्यंत. लॅबमधल्या चुका बघायला गेलं तर मशीनच्या आतल्या थोड्या, मशीनच्या अलीकडच्या जास्त. आणि अलीकडचं सगळं घडतं त्या टेबलापाशी जिथे काका तुला नावं लिहायला बसवणार आहेत. माझ्या मते अख्ख्या लॅबमधली ती सगळ्यात चांगली जागा आहे.

रोजचं एक सांगते. उपाशीपोटी साखर तपासायला आजी येतात. "आजी, उपाशी आहात ना?" "व्हय." "काहीच खाल्लं नाही?" "काय न्हाय." "चहा?" "च्या तर घेतलाच की!" चहा आपल्याकडे खाण्यात धरत नाहीत, आणि त्यात दोन चमचे साखर. म्हणून मी मुलींना सांगते, "उपाशी आहात का" असं विचारायचंच नाही, "चहा किती वाजता घेतला" असं विचारायचं. जेवणानंतरच्या साखरेचं तसंच. दोन तास मोजायचे ते जेवायला बसल्यापासून, हात धुतल्यापासून नाही. आणि शुगरची रोजची गोळी घेतली की नाही, तेही लिहून ठेवायचं.

ट्यूबचं बघ. साखरेसाठी करड्या झाकणाची, फ्लोराइडची ट्यूब का? कारण रक्त बाहेर काढलं तरी पेशी जिवंत असतात आणि साखर खात राहतात. साध्या ट्यूबमध्ये नुसतं ठेवलं तर तासाला साधारण ५ ते ७ टक्के साखर कमी होते. वाडीवरून सकाळी साडेसहाला काढलेलं रक्त साध्या ट्यूबमध्ये अकराला लॅबला पोचलं, तर ज्याला मधुमेह आहे तो कागदावर ठणठणीत. उलट नमुना नीट काढला नाही, सिरिंजमधून जोरात ढकलला, तांबड्या पेशी फुटल्या, तर पोटॅशियम वाढलेलं दिसतं आणि डॉक्टर घाबरतात. पेशंटला काहीच झालेलं नसतं. हे तू पुस्तकात वाचलेलं असणार. दवाखान्यात ते आजीच्या नावानिशी समोर येतं.

आणि तू मायक्रोबायोलॉजीची आहेस, मग तुझ्या हक्काचा नमुना म्हणजे लघवीचं कल्चर, प्लेटवर जंतू वाढवून बघायचं. बाटली निर्जंतुक, पहिली धार सोडून मधली घ्यायची, दोन तासांच्या आत प्लेटवर लावायची नाहीतर फ्रिजमध्ये ४ अंशाला ठेवायची. वाक्य सोपं आहे. आता खेड्यातनं येणारी बाटली बघ. बाई पहाटे घरी नमुना घेते, पिशवीत टाकते, नऊच्या गाडीने येते, डॉक्टरांकडे नंबर लावते, साडेअकराला बाटली माझ्या टेबलावर. तोपर्यंत त्यात काय झालं असेल ते तुला मी सांगायला नको, एका मिलीत १०^५ जंतू म्हणजे संसर्ग, हा आकडा तू पाठ केलेला आहेस. रिपोर्टमध्ये भरपूर वाढ, बाईला अँटिबायोटिक सुरू, आणि जंतू कदाचित पिशवीतच वाढलेले. गेल्या वर्षी माझ्याकडे होती त्या मुलीने एवढंच केलं: प्रत्येक बाटलीवर नमुना कधी घेतला ती वेळ विचारून लिहायची आणि शेजारी आमच्याकडे पोचल्याची वेळ. तिचं रजिस्टर पाहून मी कल्चरचा नमुना घरून आणायची पद्धतच बंद केली. आता इथेच घ्यायचा, संडास-बाथरूम स्वच्छ ठेवलंय, भिंतीवर चित्र लावलंय. लांबून येणारच असेल तर बोरिक अॅसिडची बाटली देते.

तुझ्या प्रोजेक्टला मी हाच धागा सुचवेन. महिनाभर एक वही घाल: कुठला नमुना परत मागवावा लागला आणि का. गुठळी झाली, कमी पडलं, ट्यूब चुकली, नाव जुळलं नाही, उशीर झाला, थुंकीच्या डबीत बेडका नव्हता नुसती लाळ होती. काकांना वाटेल आपल्या चुका मोजतीये, म्हणून आधी त्यांना विश्वासात घे. "तुम्हाला कुठला नमुना सगळ्यात जास्त त्रास देतो?" असं विचार. लॅबवाल्या माणसाला हा प्रश्न जन्मात कुणी विचारलेला नसतो, तासभर बोलतील.

(दुसरा एक विषय मला करायचाय पण वेळ होत नाही: तापाचा कितवा दिवस. डेंग्यूच्या विषाणूचा अंश शोधणारी एनएस१ तपासणी पहिल्या पाच दिवसांत कामाची, शरीराने बनवलेली प्रतिपिंडं शोधणाऱ्या आयजीएमला त्यानंतर अर्थ. पण चिठ्ठीवर तापाचा दिवस कुणी लिहीतच नाही. आणि विडाल! एकदाच केलेल्या विडालवरून टायफॉइड ठरत नाही, सात-दहा दिवसांच्या अंतराने दोन नमुने घेऊन चौपट वाढ दिसली तर बोलायचं. आमच्याकडे लोक "टायफॉइड किती टक्के आहे" विचारत येतात. यावर लिहायला बसले तर रात्र होईल.)

रक्त काढायचं विचारलंस. नाही. तुझ्याकडे डीएमएलटी नाही, नर्सिंग नाही, तू बीएस्सीची विद्यार्थिनी आहेस. पेशंटच्या शिरेत सुई घालायची नाही, काका "घे, काढ" म्हणाले तरी नाही. बघायला शीक: पट्टा किती वेळ बांधला, ट्यूब कुठल्या क्रमाने भरल्या, भरल्यावर उलटसुलट हळू हलवल्या की खळखळून. रिपोर्टवर सही पण करायची नाही.

सुईला हात लावला नाहीस तरी नमुन्यांना लावणारच, म्हणून हिपॅटायटिस बीची लस झाली नसेल तर पहिला डोस आजच घे. शून्य, एक आणि सहा महिने असे तीन असतात. झाडताना, आवरताना सुई टोचलीच तर वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं, दाबून रक्त काढत बसायचं नाही आणि लपवायचं नाही. त्याच मिनिटाला डॉक्टरांकडे जायचं, कारण एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध लागलं तर शक्यतो दोन तासांत आणि काही झालं तरी ७२ तासांच्या आत सुरू करावं लागतं. पोरी घाबरून सांगत नाहीत, म्हणून हे सांगून ठेवते.

कचरा कुठल्या रंगात जातो ते काकांपेक्षा मावशींना विचार. पिवळ्यात रक्ताचा कापूस, लाल पिशवीत ट्यूब आणि बिनसुईची सिरिंज, सुया पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात, काच निळ्यात. आमच्या मावशी चौथी शिकलेल्या आहेत आणि चुकीच्या डब्यात काही पडलं तर मला सुद्धा सोडत नाहीत.

एक गोष्ट मात्र मी पहिल्या दिवशी दार लावून सांगते. गाव लहान आहे. गर्भधारणेची तपासणी करायला आलेली मुलगी तुझ्या वर्गातली असेल. एचआयव्हीचा रिपोर्ट तुझ्या गल्लीतल्या माणसाचा असेल. घरी जेवताना "आज कोण आलं होतं" असं आई विचारेल, सहज विचारेल. सांगायचं नाही. आईला सुद्धा नाही. एचआयव्हीच्या बाबतीत तर २०१७ चा कायदाच आहे. आणि मायक्रोस्कोपसोबत सेल्फी काढून स्टेटसला ठेवायचा असेल तर मागे रजिस्टर उघडं नाही ना, ते बघ. खरं तर ठेवूच नको.

ओपीडी संध्याकाळची:

मी जनरल प्रॅक्टिस करतो. ताईंचं जवळजवळ सगळं पटलं. एक भर घालतो. या मुलीने फक्त लॅबमध्ये बसू नये, दोन-तीन सकाळ डॉक्टरांच्या केबिनमध्ये पण बसावं. रिपोर्ट छापला की लॅबचं काम संपतं, आमचं तिथे सुरू होतं. १३२ साखर बघून डॉक्टर कुणाला गोळी देतात आणि कुणाला नुसतं "महिन्याने या" म्हणतात, ते बघितल्याशिवाय नमुना नीट का घ्यायचा हे मनात उतरत नाही. पेशंटला आधी विचारायचं, "ही विद्यार्थिनी आहे, बसली तर चालेल का?" नको म्हणाले तर निमूटपणे बाहेर. तपासणीच्या वेळी पडद्याबाहेर.

दवाखान्यात सोनोग्राफी असेल तर त्या खोलीपासून मात्र लांब राहा. तिथला प्रत्येक फॉर्म पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदानाला बंदी घालणाऱ्या कायद्याखाली येतो, तिथे शिकाऊ माणसाचं काम नाही.

लॅबवाली ताई:

डॉक्टरसाहेब, केबिनचं मला नाही पटत. तुम्ही विचाराल, पण आमच्याकडचा पेशंट डॉक्टरांना नाही म्हणतच नाही. मान हलवतो आणि अर्धं दुखणं पोटातच ठेवतो. बायकांचं तर विचारूच नका. तिला पेशंट गेल्यावर पाच मिनिटं रिपोर्ट समजावून सांगा, तेवढं पुरे.

ओपीडी संध्याकाळची:

मान्य, बायकांच्या बाबतीत. बीपी-शुगरच्या नेहमीच्या पेशंटबाबत मी अजूनही बसवेन. त्यांना उलट सांगायला आणखी एक माणूस मिळतं.

स्टाफरूम:

क्रेडिटचं कुणी सांगितलं नाही म्हणून लिहितो. मी एका कॉलेजात ओजेटीचं काम पाहतो, तुमच्या विद्यापीठातला नाही, तेव्हा तुमचं परिपत्रक एकदा वाचाच.

महाराष्ट्रात २० एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयाने नव्या शैक्षणिक धोरणाचा जो आराखडा आला, त्यात पदवीला ४ क्रेडिटची ओजेटी आहे. राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात वर्षाचे १२०० तास म्हणजे ४० क्रेडिट, म्हणजे एका क्रेडिटला ३० तास. तुमचे १२० तास तिथून आले. जागा लहान की मोठी याला आम्ही महत्त्व देत नाही, काम विषयाशी जोडलेलं हवं आणि तिथे तुम्हाला रोज बघणारं जबाबदार माणूस हवं. मोठ्या हॉस्पिटलात फी भरून गेलेली मुलं कॉरिडॉरमध्ये उभी असलेली मी पाहिली आहेत.

कागद असे लागतील. डॉक्टरांच्या लेटरहेडवर संमतीपत्र, त्यांच्या नोंदणी क्रमांकासह. त्यात मार्गदर्शक म्हणून लॅबवाल्या काकांचं नाव आणि शिक्षण. कॉलेजकडून एक प्राध्यापक मार्गदर्शक. आणि हजेरीची वही, जिच्यात आल्याची वेळ, गेल्याची वेळ, काय केलं आणि रोजची सही. सह्या शेवटच्या दिवशी एकाच पेनाने झालेल्या असल्या तर आम्हाला लगेच कळतं. कामाला लागण्यापूर्वी कॉलेजचं मंजुरीचं पत्र हातात असू द्या. आधीचे तास आम्ही धरत नाही.

दवाखाना क्रेडिट देत नाही, तो फक्त तास आणि काम प्रमाणित करतो. मूल्यमापन कॉलेज करतं, क्रेडिट विद्यापीठ जमा करतं, तुमच्या अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या खात्यात. त्यासाठीचा १२ अंकी अपार आयडी डिजिलॉकरमध्ये दिसतोय ना ते आताच बघा. आधारवर वडिलांचं नाव आहे आणि मार्कशीटवर नाही, एवढ्या फरकाने क्रेडिट अडकतात. ताळेबंद यांच्या रेशनकार्डासारखंच.

पेट्रीडिश:

सगळ्यांचे खूप आभार! पप्पांना ताईंचं उत्तर वाचायला दिलं. पेढ्याचं वाचून हसले आणि "जा मग" म्हणाले. अपार आयडी बघितला, त्यात माझं आडनाव एका ठिकाणी चुकलंय, उद्या कॉलेजच्या ऑफिसला जाते.

काकांना विचारलं, कुठला नमुना सगळ्यात जास्त त्रास देतो. ताई, खरंच तासभर बोलले. त्यांचा राग थुंकीच्या डबीवर आहे. म्हणाले, क्षयाच्या तपासणीला लोक दोन्ही डब्या एकदमच भरून आणतात, एक लगेच आणि एक सकाळची असं सांगितलं तरी. आणि आत नुसती लाळ. तर वही थुंकीच्या नमुन्यांपुरतीच ठेवू का सगळ्यांची? आणि रिपोर्टमध्ये पेशंटची नावं लिहायची का?

लॅबवाली ताई:

नावं अजिबात नाही. लॅब नंबर पण नाही, तुझा तू १, २, ३ असा क्रम लाव आणि वय, स्त्री की पुरुष, एवढंच ठेव. गावाचं नाव पण नको. छोट्या वाडीतला साठीचा एकच क्षयरोगी असला तर नाव लिहिल्यासारखंच झालं. वही लॅबच्या कपाटात राहील, घरी न्यायची नाही.

महिन्याभरात थुंकीचे नमुने किती येतील सांगता येत नाही, म्हणून वही सगळ्यांची ठेव आणि थुंकीची पानं वेगळी. त्या पानांवर एक रकाना जादा: पेशंटला कसं सांगितलं. नुसतं "थुंकी आणा" म्हटलं की "खोल श्वास घ्या, छातीतून खाकरून काढा, उघड्यावर जाऊन काढा" असं करून दाखवलं. मग स्लाइडवर काय दिसलं ते जोड: लो पॉवरला पू-पेशी २५ च्या वर आणि चपट्या पेशी १० च्या आत असल्या तर नमुना छातीतला, नाहीतर तोंडातला. क्षयाच्या नमुन्याला हा निकष लावत नाहीत, त्याचा नमुना यावरून परत पाठवायचा नाही, पण सांगण्यातला फरक तुला मोजता येईल. क्षयाच्या स्लाइड काकांनाच करू दे, मास्क एन-९५ घाल, डबी उघडायला तू जाऊ नको. तुझ्या वाट्याला साध्या कल्चरच्या ग्रॅम स्लाइड (जंतू रंगवून बघायच्या) मागून घे, काका देतील.

आणि लवकर सुरू कर. ज्वारीची काढणी लागली की सकाळची लॅब रिकामी असते, ते दिवस रिपोर्ट लिहायला वापर. बाजाराच्या दिवशी मात्र सुट्टी घेऊ नको, महिन्यातले निम्मे नमुने तुला त्याच दिवशी मिळतील.